समुद्रपूरची जोडणी

मोनाली समुद्रपूरच्या नेत्र केंद्रावर लागली त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत तिच्या सासूबाईंनी, मंदाबाईंनी, तिच्या नोकरीची एकच ओळख गावाला करून दिली होती. "दवाखान्यात नावं टाइप करते," असं त्या म्हणायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी केंद्राचं शटर वर गेलं की मोनाली टेबलामागे बसायची, आलेल्या माणसाचं नाव, गाव, वय, साखरेचा आजार किती वर्षांचा, हे कॉम्प्युटरवर भरायची आणि नंबराची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. नियुक्तिपत्रातही 'डेटा एंट्री ऑपरेटर' एवढंच लिहिलेलं होतं.

संस्था वर्ध्याची. जिल्ह्यात तिची अशी सात केंद्रं. एकाही केंद्रावर डॉक्टर नसायचा, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं एक भारी मशीन मात्र प्रत्येक ठिकाणी होतं. समुद्रपूरला फोटो निघाला की तो क्लाउडवरच्या सर्व्हरला जायचा, वर्ध्यात बसलेल्या डॉक्टर प्रेरणा तो उघडून पाहायच्या आणि दहा मिनिटांत निकाल परत यायचा. पेशंटच्या डोळ्याचा फोटो उघड्या इंटरनेटवरून जाऊ नये म्हणून प्रत्येक केंद्रापासून सर्व्हरपर्यंत एक कुलूपबंद वाट बांधली होती. तिला सगळे व्हीपीएन म्हणत. सात केंद्रांच्या सात जोडण्या, आणि त्या सांभाळायला नागपूरला बसणारा एकटा इंजिनिअर, रुपेश.

आठ महिन्यांपूर्वी सुरक्षा तपासणीचा एक नवा फॉर्म आला. दर महिन्याच्या शेवटी सातही जोडण्यांची यादी काढून वर्ध्याला पाठवायची होती. रुपेशला डोकं खाजवायला वेळ नव्हता. त्यानं ते काम मोनालीच्या गळ्यात टाकलं. नुसती यादी पाहता येईल, बदलता काही येणार नाही, एवढीच परवानगी तिला दिली आणि फोनवर अक्षर अक्षर सांगून एक ओळ लिहून घ्यायला लावली. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडायची, त्यात ती ओळ टाकायची, एंटर दाबायचं की यादी सरसर खाली येते.

"आली की कॉपी करून पाठवून द्या, मॅडम," तो म्हणाला होता. "अंदर काय लिहून हाय ते वाचत बसू नका. डोकं फिरंल."

मोनालीनं नेमकं तेच वाचलं. हिंगणघाटला तिनं कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी केलं होतं आणि लग्नानंतर ते सगळं बासनात गुंडाळून ठेवलं होतं. बसस्टँडसमोर तिच्या नवऱ्याचं, प्रफुलचं, किराणा दुकान होतं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गल्ल्याशेजारी बसायची आणि यादीतला एकेक शब्द फोनवर शोधून वहीत मराठीत उतरवायची. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, कोणता आकडा कशाचा. आठ महिन्यांत वही निम्मी भरली. असं काही करते हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंही नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी केंद्रावर साखरेच्या पेशंटांसाठी मोठं शिबिर होतं. कापसाची वेचणी जोरात चालू, तरी लोक रोजी बुडवून आले होते. पहिल्या एसटीनं गावोगावची म्हातारी माणसं उतरली आणि केंद्रासमोरच्या मांडवातल्या खुर्च्या भरून गेल्या. अकरा वाजेपर्यंत मोनालीनं एकशे त्रेचाळीस नावं लिहिली.

एकतीस नंबरचे चंद्रभान नावाचे शेतकरी. पासष्टीचे, उंच, हाताला वेचणीचे ओरखडे. सोबत बायको रुख्माबाई.

"काय तरास होऊन राह्यला, काकाजी?" मोनालीनं विचारलं.

"तरास काई नाई. चष्म्याचा नंबर काढून द्या म्हणजे झालं."

"खरं सांगा न," रुख्माबाई मधेच म्हणाल्या. "बाई, चार दिवसांपासून यायच्या डोळ्यापुढे चिलटं उडून राह्यले. काल सांजच्यानं म्हणे वीज चमकली. आभाळात ढगाचं नाव नाई!"

"उन्हातानाचं होते तसं," चंद्रभान म्हणाले.

मोनालीनं दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं.

फोटो काढायचं काम योगेंद्र सरांकडे होतं. शिबिराचे प्रमुखही तेच. अठ्ठावीस माणसांचे फोटो झपाझप झाले. एकोणतिसाव्या माणसाला त्यांनी मशीनपुढे बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मशीनची रीतच अशी होती की सर्व्हरवरून पेशंटची फाइल आल्याशिवाय ते फोटोच काढायचं नाही. पाच मिनिटं वाट पाहून सर बाहेर आले.

"मोनाली, सर्व्हर येऊनच नाई राह्यला."

मग जे सगळीकडे होतं तेच झालं. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला. मशीन बंद-चालू केलं. इंटरनेट तर व्यवस्थित होतं. मोनालीच्या लॅपटॉपवर बातम्यांची पानं पटापट उघडत होती. फक्त सर्व्हर तेवढा येईना. फोटो मोबाइलवर पाठवून द्यावेत तर मशीन फोटोच घेत नव्हतं. शेवटी सरांनी रुपेशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर, माह्याकडे समुद्रपूर अव्हेलेबल दाखवून राह्यलं," रुपेशचा आवाज घाईचा होता. मागे कोणीतरी जड काहीतरी सरकवत होतं. "सातही अव्हेलेबल हाय. प्रॉब्लेम तुमच्या मशीनचा असंल. मी इथं सर्व्हरची रॅक हलवून राह्यलो, आज निघता येत नाई. उद्या माणूस पाठवतो."

"उद्याचं काय करू मी? मांडवात सव्वाशे माणसं बसून हायेत!"

"पण माह्याकडून तर सगळं ठीक हाय न, सर."

साडेबारा वाजले. मांडवात कुजबुज वाढली. योगेंद्र सर कपाळ चोळत म्हणाले, "एक वाजेपर्यंत पाहू. नाई झालं तर सर्वायले घरी जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावू."

ते ऐकून काही माणसं एक वाजेपर्यंतही थांबली नाहीत. पिशव्या उचलून बसस्टँडच्या वाटेला लागली. चंद्रभानही उठले.

"चाल व, एकची गाडी भेटते. अर्धं वावर वेचायचं पडून हाय."

मोनाली टेबलामागून उठून त्यांच्यापुढे आली. "काकाजी, थोडं थांबा जी."

"तुह्या हातात हाय काय काई?" चंद्रभाननी विचारलं. रागानं नाही, सरळच विचारलं.

मोनालीनं लॅपटॉपकडे पाहिलं. आपल्या हातात काय आहे? नावं टाइप करणं. आणि एक यादी पाहणं.

"पाह्यते मी," ती म्हणाली. "एक वाजेपर्यंत बसा."

रुख्माबाईंनी नवऱ्याचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

मोनालीनं काळी खिडकी उघडली. व्हीपीएन जोडण्यांची यादी मागणारी ती ओळ तिला आता पाठ होती. टाइप केली, एंटर दाबला.

यादी आली. रिकामी. दोन कंस आणि मधे काहीच नाही.

तिनं पुन्हा एंटर दाबला. पुन्हा रिकामी. दर महिन्याला जिथं सात जोडण्या सापासारख्या लांबलचक खाली उतरायच्या तिथं आज एकही नव्हती. योगेंद्र सर मागे उभे राहून पाहत होते.

"म्हणजे जोडणीच नाई? कोणं डिलीट केली काय?"

मोनालीनं फोन उचलला, रुपेशचा नंबरही काढला. मग थांबली. सगळ्या जोडण्या पुसल्या गेल्या असतील तर सातही केंद्रं बंद पडायला हवीत. तिनं रुपेशऐवजी सेलूच्या केंद्रावर आचलला फोन लावला. आचल तिथली ऑपरेटर, दोन वर्षांनी लहान.

"आचल, तुह्यं चालू हाय काय?"

"हो ताई. आत्ताच एका आजीचा फोटो गेला. काऊन?"

"मंग सांगते," म्हणून मोनालीनं फोन ठेवला.

सेलू चालू आहे. म्हणजे सेलूची जोडणी आहे. जोडणी आहे आणि यादीत दिसत नाही, तर मग यादी चुकलेली नाही, आपण विचारतोय ती जागा चुकली आहे. तिनं वही काढली आणि भराभर पानं उलटली. चौथ्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: क्लाउडचे वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळे विभाग असतात, आणि ही ओळ आपण सांगू त्या एकाच विभागात विचारते.

गेल्याच आठवड्यात तिला नवा लॅपटॉप मिळाला होता. रुपेशनं नागपुरात बसूनच त्याच्या सेटिंग भरल्या होत्या. तिनं सेटिंग उघडून पाहिली. विभाग हैदराबाद. आणि संस्थेचं सगळं तर मुंबई विभागात!

"सर, आपण दुसऱ्याच गावात पत्ता विचारून राह्यलो होतो," ती म्हणाली. ओळीच्या शेवटी तिनं मुंबई विभागाचं नाव जोडलं आणि एंटर दाबला.

यादी सरसर खाली आली. एकामागून एक सात जोडण्या. सेलू, आर्वी, देवळी, आणि बाकीच्या. सगळ्यात शेवटी समुद्रपूर. प्रत्येकीपुढे एकच शब्द: अव्हेलेबल.

योगेंद्र सर निराश झाले. "रुपेश बरोबरच म्हणून राह्यला होता मंग."

"थांबा सर, अजून खाली हाय."

आठ महिने ही यादी वाचताना मोनालीला एक गोष्ट कळली होती. 'अव्हेलेबल' म्हणजे जोडणी बांधून तयार आहे, एवढंच. तिच्यावरून काही जातंय की नाही हे सांगणाऱ्या ओळी पार तळाशी असतात. प्रत्येक जोडणीला दोन टनेल, म्हणजे दोन वाटा, असतात, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. त्या दोन्हींची खरी हालत तिथं कळते. तिनं सेलूचं पाहिलं. एक टनेल अप, म्हणजे चालू. आर्वीचे दोन्ही चालू. देवळी, एक चालू. ती खाली खाली येत गेली.

समुद्रपूर. डाऊन. आणि त्याच्या खाली, डाऊन.

"हे पाहा सर," तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "रस्ता कागदावर मंजूर हाय. गाडी चालून नाई राह्यली."

सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. इतका वेळ ते उभे होते.

डाऊनच्या शेजारी वेळ लिहिलेली होती: पाच वाजून बावीस मिनिटं. त्या वेळेला बंद पडला म्हणायचं.

"पाहाटे पाचले?" सर म्हणाले. "तवा तर शटरले कुलूप होतं."

"आणि सकाळी अठ्ठावीस फोटो कसे गेले मंग?" मोनाली स्वतःशीच बोलली. हे जमत नव्हतं. पहाटे बंद पडलेल्या वाटेवरून साडेनऊला फोटो जाऊ शकत नाहीत. तिनं वहीचं आणखी एक पान उलटलं आणि तिला हसूच आलं. यादीतली वेळ आपली नसते. ती सगळ्या जगासाठी धरलेली एकच वेळ असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे असतो. पाच बावीस अधिक साडेपाच तास. दहा बावन्न.

"सर, अठ्ठाविसावा फोटो किती वाजता गेला?"

सरांनी आत जाऊन पाहिलं. "दहा पन्नास."

म्हणजे दहा बावन्नला इथं काहीतरी झालं होतं. मोनालीनं डोळे मिटून सकाळ आठवायचा प्रयत्न केला. मांडवातली गर्दी, नावं, चिठ्ठ्या, एक आजोबा काठी विसरून गेले होते ते. आणि मग तिला शिडी आठवली. शिडी घेऊन आलेला इंटरनेट कंपनीचा माणूस. जुना डबा काढून नवा बसवायचा आहे, स्पीड वाढते, दोन मिनिटांचं काम आहे, असं तो म्हणाला होता. ती नावं लिहीत होती, तिनं मान हलवली. जाताना त्यानं एक कागद पुढे केला आणि तिनं न वाचता सही केली.

तिनं ड्रॉवर उघडला. कागद तिथंच होता. खाली तिची सही. सहीच्या वर तीन ओळी, आणि तिसऱ्या ओळीत केंद्राच्या इंटरनेटचा नवा पत्ता: चार आकड्यांचा, शेवटचा आकडा एकशे अठरा. तिनं यादीतून समुद्रपूरच्या जोडणीला बांधलेला पत्ता काढून पाहिला. शेवटचा आकडा सेहेचाळीस.

आता सगळं लख्ख दिसलं. क्लाउड अजून जुन्या पत्त्यावर समुद्रपूरला हाका मारत होता, आणि समुद्रपूर नव्या पत्त्यावर राहायला गेलं होतं.

एक वाजायला आठ मिनिटं कमी होती. तिनं रुपेशला फोन लावला.

"मॅडम, मी म्हटलं न उद्या..."

"रुपेशभाऊ, अव्हेलेबलच्या खाली पाहा. समुद्रपूरचे दोन्ही टनेल डाऊन हायेत. दहा बावन्नपासून."

रुपेश म्हणाला, "तुमी खालचं वाचलं?"

"वाचलं. सकाळी इंटरनेटवाल्यानं डबा बदलला. आपला पत्ता बदलला. मीच सही केली, वाचली नाई, ती चूक माही. यादीत शेवटी सेहेचाळीस हाय, आता एकशे अठरा पाह्यजे. मले बदलता येत नाई, तुमाले येते."

कळफलक वाजल्याचा आवाज आला. "डाऊन हाय खरंच. दोन्ही." आणि लगेच, "पण मॅडम, चालू दिवसात जोडणीले हात लावणं बरं नाई. संध्याकाळी करू. काई चुकलं तर बंद पडंल."

"ती बंदच हाय, भाऊ," मोनाली म्हणाली. "अजून किती बंद पडंल?"

योगेंद्र सरांना हसू आवरलं नाही. आणि फोनवर रुपेशही हसला. "बरं. पत्ता सांगा. हळू सांगा."

तिनं कागदावरचा पत्ता एकेक आकडा करून दोनदा वाचून दाखवला. रुपेशनं क्लाउडवर नव्या पत्त्याची नोंद केली आणि समुद्रपूरची जोडणी जुन्या नोंदीवरून सोडवून नव्या नोंदीला बांधली. "केलं. वेळ लागते याले. यादी काढत राहा."

मोनालीनं यादी काढली. समुद्रपूरपुढचं अव्हेलेबल गेलं होतं. तिथं आता 'मॉडिफाइंग' असं होतं, म्हणजे बदल चालू आहे.

योगेंद्र सर मांडवात गेले आणि त्यांनी हात वर करून सांगितलं की कोणी जाऊ नका, काम होऊन राह्यलं आहे. एक वाजला. एकची गाडी हॉर्न देऊन गेली. मोनालीनं यादी काढली. मॉडिफाइंग. एक पाच. मॉडिफाइंग. मांडवातल्या दोन-तीन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काळ्या खिडकीकडे पाहू लागल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मोनालीच्या तोंडाकडे पाहून काहीतरी घडणार हे कळत होतं. एक दहा. मॉडिफाइंग.

एक वाजून सतरा मिनिटांनी पुन्हा अव्हेलेबल आलं. मोनालीनं तिकडे पाहिलंही नाही. ती सरळ तळाशी गेली. डाऊन, डाऊन. तिनं मनात वीसपर्यंत मोजलं आणि एंटर दाबला.

डाऊन.

अप.

"सर!" ती एवढ्या जोरात ओरडली की मांडवातली माणसं उभी राहिली. "सर, मशीन पाहा!"

आतून सरांचा आवाज आला, "आली! फाइल आली! एकोणतीस नंबर, या लवकर!"

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दारातल्या एका बाईनं मोनालीच्या कपाळावरून बोटं उतरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. मोनालीनं पुढची यादी काढली तेव्हा दुसरा टनेलही चालू झाला होता.

पण निघून गेलेल्या माणसांचं काय? तिनं नावांच्या यादीवर खुणा केल्या. अकरा माणसं गेली होती. एकच्या गाडीत कोणी बसलं असेल, कोणी अजून स्टँडवर असेल. तिनं प्रफुलला फोन लावला. तो माल उतरवून घेत होता. फोन मंदाबाईंनी उचलला.

"आई, आमचे पेशंट स्टँडवर बसून असतीन. हातात पिवळी चिठ्ठी हाय. त्यायले म्हणा मशीन चालू झाली, परत या."

मंदाबाईंनी पुढे काय केलं ते समुद्रपुरात लोक पुढचे आठ दिवस सांगत होते. साठीच्या बाई, गुडघे दुखतात म्हणून दुकानाची पायरी उतरत नसत, त्या स्टँडवर जाऊन पिवळ्या चिठ्ठ्या शोधत फिरल्या. "चला परत! माह्या सुनेनं मशीन चालू केली! नागपुरात बसल्या इंजिनिअरले नाई जमलं, तिनं केलं!" सुटायला निघालेल्या चंद्रपूरच्या गाडीपुढे उभं राहून त्यांनी दोन म्हाताऱ्यांना खाली उतरवलं. अकरापैकी नऊ माणसं परत आली आणि त्यांच्यामागे मंदाबाई स्वतः आल्या, पदरानं घाम पुसत. मांडवात बसून त्यांनी आपल्या सुनेला काम करताना पहिल्यांदा पाहिलं.

चंद्रभानचा नंबर पावणेदोनला लागला. त्यांच्या उजव्या डोळ्याचा फोटो वर्ध्याला गेला आणि दहा मिनिटं लागली नाहीत, तीन मिनिटांतच डॉक्टर प्रेरणांचा फोन आला.

"योगेंद्र सर, एकतीस नंबर कुठे आहेत? त्यांना कुठे जाऊ देऊ नका. पडदा वरच्या बाजूनं सुटायला लागलाय. मधला भाग अजून धरून आहे. आजच पाठवा, मी इथं तयारी करते. आणि ती माहिती कोणी लिहिली, चिलटं आणि वीज? त्यामुळे मी त्यांचा फोटो आधी उघडला."

"मोनालीनं," सर म्हणाले.

चंद्रभानना हे पटवणं सोपं नव्हतं. "दुखत त काईच नाई," ते म्हणत राहिले. शेवटी मोनाली त्यांच्यासमोर खाली बसली.

"काकाजी, आज गेले त डोळा राह्यते. चार दिवसांनी गेले त राह्यते का नाई, डॉक्टरीणबाईलेही सांगता येत नाई. कापूस कोठी जात नाई."

"एकच्या गाडीनं गेलो असतो मी," चंद्रभान सावकाश म्हणाले. मग रुख्माबाईंकडे पाहिलं. "उठ, चाल."

संस्थेच्या गाडीनं हिंगणघाटवरून ते दोघं वर्ध्याला गेले. त्याच दिवशी संध्याकाळी ऑपरेशन झालं. इकडे समुद्रपूरला साडेपाच वाजता शेवटचा फोटो निघाला. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकेचाळीस माणसं तपासून झाली. राहिलेल्या दोघांना मोनालीनं फोन करून दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि ते आलेही.

तीन आठवड्यांनी वर्ध्यात संस्थेची बैठक होती. संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव, सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मोनालीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. डॉक्टर प्रेरणांनी आधी चंद्रभानची बातमी सांगितली. पडदा बसला होता, दृष्टी सुधारत होती, आणि आदल्या दिवशी त्यांनी तपासणीच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली होती.

मग रुपेश उठला. तो एवढा मोकळेपणानं बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. "सर, मी त्या दिवशी चारदा म्हटलं की सगळं ठीक हाय. मी फक्त पहिला शब्द पाहत होतो. लॅपटॉपवर विभागही मीच चुकीचा भरला होता. मोनाली मॅडमनं नुसती यादी वाचून फॉल्ट काढला. जी यादी मीच त्यायले वाचू नका म्हटलं होतं."

सदाशिवरावांनी मोनालीकडे पाहिलं. "काय पाहिजे तुला? सत्कार करू एखादा?"

मोनालीनं घरून निघतानाच हे ठरवलं होतं. "सत्कार नको जी. सातही जोडण्यांवर रोज नजर ठेवायचं काम मले द्या. पाहायची आहे तशी बदलायचीही परवानगी द्या, रुपेशभाऊंच्या देखरेखीत. आणि पत्रावरचं पद बदलून द्या."

"पद काय लिहायचं?"

"नेटवर्क सहायक."

सदाशिवरावांनी रुपेशकडे पाहिलं. रुपेश म्हणाला, "मी त त्यायले अजून वरचं लिहा म्हणीन, सर." सगळे हसले, आणि सदाशिवरावांनी तिथंच चिटणिसांना पत्र करायला सांगितलं.

नव्या पदावरचं मोनालीचं पहिलं काम तिनं स्वतःच ठरवलं. बाकीच्या केंद्रांच्या सहा ऑपरेटरांना तिनं एका शनिवारी सेलूला बोलावलं. पाच बाया आणि आर्वीचा आदेश नावाचा एक तरुण. आचलनं केंद्रातली बाकं जोडून ठेवली होती आणि वर्ध्याहून येताना कोणीतरी गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे आणले होते. यादी पाहायची परवानगी रुपेशनं सगळ्यांना दिली होती. मोनालीनं फळ्यावर ती ओळ लिहिली आणि प्रत्येकीला आपापल्या लॅपटॉपवर टाइप करायला लावली. कोणाची मोकळी जागा चुकली, कोणाची दोन अक्षरं उलटी झाली. मग एकामागून एक सहा काळ्या खिडक्यांत जोडण्यांची यादी सरसर उतरली, आणि खोलीत एकच कालवा झाला.

"ताई, हे माह्यं देवळी दिसून राह्यलं पाहा!"

"माह्याही टनेल अप हायेत, दोन्ही!"

आचल वाकून पार तळापर्यंत गेली होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे काय आहे? हे आपण नाई पाह्यलं."

मोनालीनं जवळ जाऊन पाहिलं. तो आकडा तिनंही कधी नीट पाहिला नव्हता.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. "थांब, काढू आपण." तिनं खुर्ची ओढली, आणि बाकीच्या पाचही जणी, आदेशसकट, आपापली खुर्ची ओढून त्या लॅपटॉपभोवती येऊन बसल्या. गोरसपाकचा दुसरा पुडा त्यांनी तिथंच फोडला. साडेतीनची गाडी गेली तरी कोणी उठलं नाही.